गॅस आला तरी मोळी का सुटत नाही?

चंद्रपूर जिल्ह्यात मूल, सिंदेवाही, चिमूर या भागात बऱ्याच घरी ओट्यावर गॅसची शेगडी असते आणि मागच्या अंगणात सरपणही रचलेलं असतं. बाहेरचे लोक लगेच म्हणतात, सवय जात नाही यांची, चुलीवरच्या भाकरीची चव वगैरे. मला नाही पटत, हिशोबच करून बघू.

सुकं लाकूड किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल उष्णता देतं, गॅस ४५. पण साध्या चुलीत त्यातली १०-१५ टक्केच भांड्याला लागते, शेगडीत ६० च्या आसपास, म्हणजे १४.२ किलोचा एक सिलेंडर म्हणजे अंदाजे २०० किलो लाकूड, मोळी २०-२५ किलोची धरली तर आठ-दहा मोळ्या. ओलं असेल तर आणखी जास्त, कारण आधी त्यातलं पाणी उडवण्यातच आग खर्ची पडते. सिलेंडर ९०० ला धरा, मग शंभराच्या वर मोळी घेणारा सरळ तोट्यात.

तरी घेतात, कारण शंभर रुपये आज हातात असतात, नऊशे एकदम नसतात. उज्ज्वलाची ३०० ची सबसिडी खात्यात नंतर जमा होते, आधी पूर्ण पैसे मोजावेच लागतात, आणि रोजमजुरीच्या घरात सगळी अडचण तिथेच आहे.

खरी गंमत मात्र आंघोळीच्या पाण्यात आहे. हिवाळ्यात २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर २.१ मेगाज्यूल लागतात, म्हणजे गॅसवर ७८-८० ग्रॅम, पाच रुपये. घरात पाच माणसं असली तर दिवसाला पंचवीस, आणि सिलेंडर नुसत्या आंघोळींत ३६ दिवसांत रिकामा! म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि पाण्याचा गंज (मोठं पातेलं) चुलीवर, यात अडाणीपणा कुठे आहे सांगा. उलट चोख हिशोब आहे.

आता मोळी आणणाऱ्या बाईची बाजू. तिच्यासाठी लाकूड फुकट, असं आपण म्हणतो, पण पहाटे निघून तोडून, बांधून, डोक्यावर आणेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि तो कुणी मोजत नाही. गावात दुसरं काम मिळत असेल, रोवणी-कापणीचे दिवस असतील तर ती मोळीला जात नाही, मोळी महाग होते. काम नसलं की मोळ्या वाढतात, भाव पडतो. थोडक्यात मोळीचा भाव मजुरीवर ठरतो, जंगलात लाकूड किती उरलं यावर नाही, आणि वाघाचा धोका तर त्यात धरलेलाच नसतो, ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या बाजूला सरपणाला, मोहफुलाला गेलेली माणसं मारली गेलीत तरी.

वनविभाग जंगलालगतच्या गावांत गॅस देतो ते चांगलंच. पण पाणी तापवायचा स्वस्त उपाय, सोलर म्हणा किंवा कमी लाकडात चालणारा बंब म्हणा, त्याच्या सोबत दिला तर सरपण जास्त वाचेल असं माझं मत आहे, कारण चुलीवर आता उरलंय ते मुख्यतः पाणीच.