लिनक्सवर वायफाय सारखं का तुटतं? मागची गोष्ट

“मामा, गेलं की ओ परत!” औशाला बहिणीकडे गेलं की हे ऐकायला मिळतंच. भाचा डिप्लोमाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा त्याच्या जुन्या लॅपटॉपवर मीच लिनक्स मिंट टाकून दिलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली, फुकट सिस्टीम आणि मिंट हा तिचा एक अवतार. तेव्हापासून वायफाय दर दहा-पंधरा मिनिटांनी मान टाकतं आणि बोलणी मला बसतात. लिनक्सवरचा हा आळ अगदीच खोटा नाही, पण भांडण जुनं आहे.

लिनक्स आलं १९९१ मध्ये, वायफायचं पहिलं मानक १९९७ मध्ये. वायफाय कार्डं बाजारात आली ती विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, घेऊन. चिपच्या आत काय चालतं याचे कागद कंपन्या देत नसत. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकदीनं प्रसारण करायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं, ते उघडं केलं तर लोक रेडिओचे नियम मोडतील, असं एक कारण सांगितलं जाई. इंटेलनं तर २००६ च्या सुमारास एका कार्डाचा ड्रायव्हर खुला दिला, पण नियम सांभाळणारा छोटा प्रोग्राम बंद पेटीतच ठेवला. पुढं तेच काम फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतच चालणाऱ्या प्रोग्राममध्ये गेलं, तेव्हा ती पेटी सुटली.

मग लोकांनी जुगाड केले. एनडीआयएसरॅपर हा त्यातला सगळ्यात भन्नाट. विंडोजचा ड्रायव्हर जसाच्या तसा उचलायचा आणि आपण विंडोजमध्येच आहोत असं त्याला भासवत लिनक्समध्ये चालवायचा. चालायचं, पण कधी अख्खं मशीनच गोठायचं. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी वेगळीच मेहनत झाली. एका गटानं बंद ड्रायव्हर उलगडून चिपचं वर्णन लिहिलं, दुसऱ्यानं तो ड्रायव्हर न बघता फक्त वर्णनावरून नवा लिहिला. २००६ मध्ये तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात गेला. फर्मवेअर मात्र वाटायची परवानगी नव्हती, ते मूळ ड्रायव्हरमधून कापून काढावं लागे. नेट चालू करायला फर्मवेअर पाहिजे आणि फर्मवेअर आणायला नेट! पेनड्राइव्ह खिशात घालून नेट कॅफे गाठायचा. कंपनीनं स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये.

आपल्याकडं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय खुला झाला जानेवारी २००५ मध्ये. बीएसएनएलचं ब्रॉडबँडही त्याच महिन्यातलं. म्हणजे इकडं घरोघरी राऊटर यायला लागले, तेव्हा तिकडं ही झटापट ऐन रंगात होती.

२००७ मध्ये सगळ्या ड्रायव्हरांना वापरता येईल असा सामायिक थर कर्नलमध्ये आला आणि बरंच सुरळीत झालं. डेबियन या लिनक्सच्या जुन्या अवतारानं बंद फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायचं ठरवलं ते थेट २०२२ च्या मतदानात. उरल्या त्या बारीक खोडी. रिअलटेकची आरटीएल८७२३बीई घ्या. काही लॅपटॉपांत या चिपच्या एकाच टोकाला अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर कान लावून बसतो दुसऱ्या टोकाला. राऊटर शेजारी असूनही सिग्नल एक काडी. त्यासाठी अँटेना निवडायची सेटिंग पुढं ड्रायव्हरमध्ये घालावी लागली.

भाच्याची चिप वेगळी होती. मी आधी लॅपटॉप ढाळजेत, राऊटरला खेटून ठेवला. तिथंही तुटलं, पण फोन मात्र टिकून होता. म्हणजे खोट लॅपटॉपात. लिनक्समध्ये नेटची जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजरच्या फाइलीत पॉवरसेव्हची किंमत ३ होती, म्हणजे बॅटरीची बचत चालू. या बचतीत कार्ड मध्ये मध्ये डुलकी घेतं, राऊटर निरोप राखून ठेवतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या अंतरानं येणाऱ्या हाकेला कार्डानं उठून तो घ्यायचा असतो. काही ड्रायव्हरांना हे उठणं जमत नाही. ३ चे २ केले, बचत बंद. बॅटरी जराशी जास्त जाते, जाऊ दे. संध्याकाळपर्यंत एकदाही तुटलं नाही.

माडीवर मात्र फोन आणि लॅपटॉप दोघंही हैराण. घर माळवदाचं, मधली भिंत दगड-मातीची, हातभर रुंद. तिथं लिनक्सचा काय दोष? भिंतीला भोक पाडायचं नाही, असं बहिणीनं आधीच बजावलं होतं. मग वायर खिडकीतून वर नेली.