यासावातल्या गावभेटी आणि समुद्राच्या मालकीचा वाद

फिजीच्या यासावा बेटांकडे छोट्या प्रवासी बोटी १९५० च्या दशकापासून जातात. त्या काळी पाहुण्यांनी रात्र बोटीवरच काढायची असा सरकारी दंडक होता. तो १९८७ साली उठला आणि किनाऱ्यावर रिसॉर्ट आली.

खरी गुंतागुंत पाण्याची आहे. १८७४ मध्ये बेटे ब्रिटिशांकडे गेली. जमीन बव्हंशी मूळ रहिवाशांच्या कुळांकडेच राहिली (आज सुमारे ८७ टक्के), पण भरतीरेषेखालचा किनारा आणि समुद्रतळ सरकारचा झाला. कुळांना उरला तो नोंदलेला मासेमारीचा हक्क. अशी सुमारे ४१० क्षेत्रे आहेत. त्यांना 'गोलीगोली' म्हणतात. २००६ च्या विधेयकात या क्षेत्रांची मालकी कुळांना परत देण्याची तरतूद होती. नांगर टाकला की पैसे, पाण्यात उतरले की पैसे, अशी ओरड हॉटेलवाल्यांनी केली. लष्कराचाही विरोध होता, त्याला इतरही कारणे होती. ५ डिसेंबरला सत्तापालट झाला आणि विधेयक बासनात गेले. चर्चा मात्र पर्यटकांवरच्या पट्टीपुरतीच राहिली, हे खटकते. पैसे त्याआधीही घेतले जात होतेच. ते कुणी आणि किती घ्यायचे हे निदान कागदावर आले असते. अजूनही बरेचसे काम गावागावाशी बोलूनच होते.

म्हणूनच 'सेवुसेवु'ला, म्हणजे गावच्या प्रमुखाला भेट देण्याच्या प्रथेला, निव्वळ स्वागतसोहळा समजू नये. ती परवानगी आहे. नांगर टाकल्यावर पोहणे, गळ टाकणे किंवा भटकणे याआधी गावात जायचे. यांगोनाची (कावा, हिच्या मुळांपासून पेय करतात) वाळलेली मुळे, साधारण अर्धा किलो, वर्तमानपत्रात गुंडाळून फितीने बांधलेली न्यायची. पूड चालत नाही. गुडघे झाकणारा सुलू (लुंगीसारखे वस्त्र) नेसायचा, टोपी आणि गॉगल काढायचा, खांद्यावरची पिशवी हातात घ्यायची. पुडी प्रमुखापुढे जमिनीवर ठेवायची आणि मांडी घालून बसायचे. पाय यांगोनाच्या लाकडी पात्राकडे करायचे नाहीत. रविवारी सहसा जाऊ नये, तो चर्चचा दिवस.

चुका बहुधा वेळेच्या होतात. ओहोटीला डिंगी प्रवाळावर घासते, मग पाहुणे गुडघाभर पाण्यातून ओले सुलू सावरत येतात. खडकांमधली वाट सूर्य डोक्यावर असतानाच दिसते. संध्याकाळी तिरप्या उन्हात पाणी नुसते चकाकते.

फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टन चक्रीवादळात यांगोनाची लागवड झोपली. रोप तयार व्हायला किमान तीन वर्षे लागतात, त्यामुळे भाव चढले आणि अर्ध्या किलोची पुडी बोटींना बरीच महाग पडू लागली.