रेवड्यांवरच्या कुस्तीत पंचाने काय पाहायचं?

जत्रेच्या मैदानात सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, पोराटोरांच्या, बक्षीस म्हणून रेवड्या. यंदा आमच्याकडे अशाच एका जोडीत वरच्या पोराने खालच्याचा हात पाठीमागे मुडपला आणि वर रेटायला घेतला. पंचांनी शिट्टी मारून कुस्ती सोडवली. कडेने एकच गिल्ला! शेजारचे आजोबा तर चिडलेच. "पोरांची हाडं वेतासारखी असत्यात, काय होतंय त्यास्नी!"

आजोबांचं निम्मं खरं आहे. पोराचं हाड जास्त वाकतं आणि मोडलं तर लवकर जुळतं. कच्ची जागा वेगळीच आहे, हाडाच्या टोकापाशी.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची पातळ चकती असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आपण वाढपट्टी म्हणू. पैलवानाच्या मोडलेल्या कानात जी कूर्चा असते, तिची ही चुलत बहीण. हाडाची लांबी वाढते ती इथे. सूक्ष्मदर्शकाखाली हिच्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या दिसतात. सांध्याच्या बाजूला राखीव पेशी, त्यांच्या खाली भराभर विभागणाऱ्या, त्यांच्याही खाली फुगत जाणाऱ्या. पेशी फुगतात तशा त्यांच्यामधल्या भिंती पातळ होतात. मग त्या भिंतींत कॅल्शियमचे क्षार भरतात आणि त्यावर हाड बनतं. पेशी फुगल्या आहेत पण क्षार अजून भरले नाहीत, तो थर सगळ्यात नाजूक. दाब तो बऱ्यापैकी सोसतो. पीळ बसला की मात्र चवड घसरते.

मोठ्या माणसाचा सांधा मुरगळला तर हाडांना जोडणारा अस्थिबंध ताणतो, फार तर तुटतो. पोराचा अस्थिबंध वाढपट्टीपेक्षा दणकट असतो. तो टिकतो आणि पट्टी सरकते. त्यातही उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात पट्टीच्या कडेचं वेष्टण पातळ पडतं. म्हणजे मिसरूड फुटायचं वय, 15 वर्षांखालच्या गटाचं.

आता तो मुडपलेला हात बघा. कोपरात काटकोनात वाकवलेला हात म्हणजे पान्हाच. मनगटावर 10 किलोचा जोर, कोपरापासून अंतर 25 सेंटिमीटर. दंडाच्या हाडाला पीळ बसला सुमारे 25 न्यूटन-मीटर. गॅरेजात स्पार्क प्लग साधारण एवढ्याच जोराने आवळतात. दंडाच्या हाडाची जवळपास 80 टक्के वाढ खांद्याकडच्या पट्टीतून होते, आणि पीळ तिकडेच चढत जातो. झटका दिला तर आकडा आणखी वाढेल, पण ते गणित इथे नको.

युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या कुस्तीच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हात पाठीमागे घेऊन लघुकोनात दाबणं सगळ्यांनाच बंद आहे. 15 वर्षांखालच्यांना शिवाय डबल नेल्सन बंद, म्हणजे मागून दोन्ही काखांतून हात घालून मान दाबणं. पूल केलेल्या, म्हणजे डोकं आणि पाय टेकून कमान धरलेल्या गड्याला उचलून आपटणं तर कुणालाच चालत नाही. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत तर डाव कायदेशीर असूनही सांधा धोक्याच्या कोनाकडे निघाला की पंच कुस्ती थांबवतो, दंड कुणालाच नाही. मला हा नियम फार आवडतो. त्यासाठी पंचाला सारखं फिरावं लागतं. पाठीमागे गेलेलं कोपर समोर उभं राहून दिसत नाही.

जोड लावतानाही घोळ होतो. वजन सारखं, पण एकाची वाढपट्टी सताड उघडी आणि दुसऱ्याची मिटत आलेली, म्हणजे वाढ संपून तिचं हाड होत आलेलं, असं सहज घडतं. खोट्या दाखल्यावर उतरलेला थोराड गडी असेल तर विचारूच नका. गंमत म्हणजे ही चोरी पकडायला मनगटाचा जो एक्स-रे काढतात, त्यात हीच पट्टी किती मिटली ते बघतात.

आणि कुस्तीनंतर कोपर सुजलं की पोराला हाडवैद्याकडे नेऊन ओढून, चोळून घेण्याची आपल्याकडची खोड! "बोटाला हाड कळतं" म्हणे. वाढपट्टी एक्स-रेतसुद्धा दिसत नाही, तिच्या जागी नुसती काळी फट दिसते. म्हणून डॉक्टर कित्येकदा धडधाकट हाताचाही फोटो काढायला सांगतात आणि दोन्ही फटी शेजारी धरून रुंदी ताडून बघतात.