कूलर कसा चालतो, सांगा पाहू

‘प्रबंध हे एकांतात करायचे काम आहे’ हे वाक्य नागपुरात पीएचडी करणाऱ्या मुलांकडून मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. मुले खोलीचे दार लावून बसतात, गाईडकडे महिनोन्‌महिने फिरकत नाहीत, आणि तिसऱ्या चॅप्टरवर गाडी अडली की स्वतःच्या बुद्धीवर शंका घेऊ लागतात. बुद्धी ठीकच असते. आपल्याला किती समजले आहे याचा अंदाज बांधताना सगळ्यांचाच मेंदू चुकतो, आणि ही चूक एकट्याला सहसा दिसत नाही. म्हणून मी गट-सेमिनारचा, म्हणजे आपले काम इतरांसमोर बोलून मांडण्याचा, आग्रह धरतो.

करून बघा. मे महिना, बाहेर ४५ अंश, घरात कूलर सुरू आहे. तो कसा काम करतो हे तुम्हाला कितपत कळते? ७ पैकी गुण द्या. आता पायरीपायरीने कागदावर लिहा. पंप पाणी वर चढवतो, ताट्या भिजतात, पंखा हवा ओढतो. मग हवा गार का होते? पाणी गार असते म्हणून? टाकीत कोमट पाणी असले तरी कूलर गारवा देतोच. खरे कारण बाष्पीभवन. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती त्याच हवेतून घेतली जाते. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून वारा घातला तर पारा जिथे थांबतो, ती कूलरची मर्यादा. आर्द्रता १५ टक्के असेल तर ४५ अंशांच्या हवेसाठी ती साधारण २४ अंश येते. जुलैत हवा ३० अंशांची पण आर्द्रता ८५ टक्के, तेव्हा ती २८च्या आसपास. म्हणून पावसाळ्यात कूलर नुसता चिकचिकाट करतो.

आता पुन्हा गुण द्या.

येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२मध्ये असेच प्रयोग प्रसिद्ध केले. कपड्यांची चेन (झिप), कुलूप, शिलाई मशीन अशा वस्तूंसाठी लोकांनी आधी स्वतःला गुण दिले, मग स्पष्टीकरण लिहिले, मग पुन्हा गुण दिले. गुण घसरले. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: देशांच्या राजधान्या किंवा सिनेमांच्या कथा विचारल्या, तेव्हा घसरण बरीच कमी होती. माहितीबाबत आपला अंदाज बराचसा बरोबर असतो, यंत्रणेबाबत फसतो. भाग डोळ्यांना दिसतात, त्यांची नावे तोंडपाठ असतात, आणि नाव माहीत असणे म्हणजेच कारण माहीत असणे असे वाटू लागते. प्रबंधातही तेच होते. ‘आलेखावरून स्पष्ट होते की’ असे लिहिले की कारण सांगून झाले असे वाटते.

दुसरी अडचण ऐकणाऱ्याच्या बाजूची. १९९०मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला लावला. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. स्वतःचा मसुदा स्वतः वाचताना आपण कायम वाजवणारेच असतो.

म्हणूनच गट-सेमिनार. सहा-सात मुले, बोलणाऱ्याला पंधरा मिनिटे, स्लाइड नाहीत, फक्त खडू आणि फळा. निदान दोघे दुसऱ्या विषयाचे हवेत, आणि प्रश्न ‘किती’पेक्षा ‘का’चे हवेत. गाईडने शेवटी बोलावे. स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या कार्यशाळांवर पालक हजारो रुपये घालवतात. त्यांच्या दाव्यांना आधार नाही, आणि या सेमिनारला खडूएवढाच खर्च येतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटात एक मुलगी काटोलकडच्या संत्राबागांवर बोलत होती. पाने पिवळी पडतात, कारण लोहाची कमतरता, असे तिने मांडले. गणिताचा एक मुलगा म्हणाला, “ताई, पण काळ्या मातीत तर लोह भरपूर असतं ना? मग झाडाला का नाही मिळत?” ती थांबली. पुढच्या शनिवारी तिने दोन नवी पाने लिहून आणली: मातीतला चुना, त्यामुळे वाढलेला सामू (पीएच), आणि अशा मातीत न विरघळणारे लोह. ती पाने आता तिच्या चौथ्या प्रकरणाची सुरुवात आहेत.