वैमानिक निवड (भारतीय हवाई दल)

भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी उमेदवार निवडण्याची पद्धत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेतलेल्यांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची म्हणजे एनडीएची वाट आहे. पदवीधर सीडीएस (तिन्ही दलांसाठीची संयुक्त परीक्षा) किंवा एएफकॅट (हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा) यांतून येतात, एनसीसीचे म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांना वेगळा प्रवेश असतो. एएफकॅटमधून उड्डाण शाखेसाठी वय २० ते २४ लागते. एनडीएच्या १८०० गुणांपैकी लेखी परीक्षेचे ९०० आणि निवड मंडळाचे ९००, त्यामुळे नुसत्या क्लासवर भागत नाही.

निवड मंडळे डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी व कांचरापाडा येथे आहेत. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट रचून गटात चर्चा होते. इथे ‘स्क्रीन आउट’ झालेले त्याच दिवशी परततात. उरलेल्यांच्या पुढचे काही दिवस मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामे आणि मुलाखत चालते.

यानंतरची संगणकीय वैमानिक चाचणी, सीपीएसएस, ही खरी वेगळी गोष्ट. पूर्वी तिच्या जागी ‘पॅब्ट’ होती. उपकरणांच्या तबकड्या वाचायच्या, हाताने स्टिक व पायाने पेडल सांभाळत पडद्यावरची खूण मधोमध ठेवायची, त्यातच दिवे आणि आवाजांना प्रतिसाद द्यायचा. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाल्यास ग्राउंड ड्यूटी म्हणजे जमिनीवरच्या कामांची शाखा खुली राहते, विमान चालवण्याचे दार मात्र कायमचे बंद. मुलाखत पुन्हा देता येते, ही नाही. एवढी कठोर अट दुसऱ्या भरतीत क्वचितच दिसते.

वैद्यकीय तपासणी बंगळूरच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत किंवा दिल्लीत होते. उंची किमान १६२.५ सेंमी, पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंमी लागते. मांडी ६४ सेंमीपेक्षा लांब चालत नाही, कारण आणीबाणीत आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघा पुढच्या पॅनेलवर आदळू शकतो. यात अभ्यासाचा किंवा व्यायामाचा काही उपयोग नाही. लांबचे धूसर दिसत असल्यास किंवा रंग नीट ओळखता येत नसल्यासही उमेदवार बाद होतो.

१८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंग या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली.

यादीत नाव लागले तरी लढाऊ विमान मिळेलच असे नाही. हैदराबादजवळच्या डुंडीगल येथील हवाई दल प्रबोधिनीत पिलॅटस या प्रशिक्षण विमानावर पहिले धडे होतात आणि तिथल्या कामगिरीवरून लढाऊ, वाहतूक की हेलिकॉप्टर हे ठरते. ज्यांना उड्डाण जमत नाही, त्यांना याच टप्प्यावर ते सोडावे लागते.