चिझितालिया २०२

इटलीतील तुरिन शहरात दुसऱ्या महायुद्धानंतर तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार. १९४७ पासून पुढच्या काही वर्षांत कूपे (बंद टपाच्या) आणि उघड्या टपाच्या मिळून जेमतेम १७० गाड्या बनल्या. आतली बरीचशी यंत्रसामग्री फियाटच्या साध्या घरगुती गाडीची होती. गाडीचे नाव झाले ते पिनिन फारिना यांच्या कारखान्यात हाताने घडवलेल्या बॉडीमुळे.

चिझितालिया कंपनी पिएरो दुसिओ यांची. ते एकेकाळी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळले, पुढे उद्योगात पैसा कमावून त्याच क्लबचे अध्यक्ष झाले आणि शर्यतीत गाडी चालवण्याची हौसही त्यांनी भागवली. युद्ध संपताच त्यांनी डी-४६ ही छोटी एकआसनी रेसिंग कार काढली. तिचा आराखडा फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांचा. १९४६ मध्ये तुरिनच्याच शर्यतीत नामवंत इटालियन रेसिंग ड्रायव्हर ताझिओ नुवोलारी यांच्या डी-४६ चे स्टिअरिंग चाक निखळून हातात आले, तरी ते गाडी हाकत राहिले, ही गोष्ट इटलीत अजून रंगवून सांगतात. ती शर्यत जिंकली मात्र खुद्द दुसिओ यांनी.

२०२ चे तांत्रिक काम पुढे अभियंते जोव्हान्नी सावोनुत्सी यांच्याकडे आले. पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून केलेला हलका सांगाडा आणि त्यात फियाट ११०० चे १०८९ सीसी, चार सिलिंडरचे इंजिन. ताकद वाढवूनही ते ५५-६० अश्वशक्तीच्या आसपासच राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत, म्हणजे प्रीमियर पद्मिनीत, कित्येक वर्षे धावलेले इंजिन याच घराण्यातले. तरीही २०२ ताशी सुमारे १६० किलोमीटरचा वेग गाठत असे. त्याचे श्रेय कमी वजनाला आणि वारा कापणाऱ्या आकाराला द्यावे लागते.

त्या काळच्या इटलीत कंपनीने चासी आणि इंजिन द्यायचे व बॉडी ‘कारोत्सेरिया’ म्हटल्या जाणाऱ्या कारखान्याने बांधायची, हा रूढ व्यवहार होता. लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून वळवला जाई. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही सुतासुताचा फरक सापडतो. २०२ च्या काही बॉडी स्ताबिलिमेंती फारिना आणि विन्याले यांनीही बांधल्या, पण नमुना म्हणून डोळ्यांसमोर येते ती पिनिन फारिनाची कूपे. युद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत बॉनेट वेगळे, मडगार्ड वेगळे, दिवे बाहेर काढलेले, बाजूला पायरी असा जोडकामाचा मामला असे. इथे ते सगळे एकाच सलग पृष्ठभागात मुरले आहे. बॉनेट पुढच्या मडगार्डांपेक्षा खाली उतरते, दिवे मडगार्डांतच बसतात आणि छताची रेषा कुठेही न अडखळता मागच्या टोकापर्यंत वाहत जाते. क्रोमची सजावट अगदी बेताची. पुढच्या दोन दशकांतल्या इटालियन जीटी (लांब पल्ल्याच्या वेगवान) गाड्यांचे वळण आज पाहिले की त्याचे मूळ इथे दिसते.

शर्यतीतले तिचे मोठे यश म्हणजे १९४७ ची मिल्ले मील्या, इटलीतली रस्त्यांवरची हजार मैलांची शर्यत. चोपन्न वर्षांचे, तब्येत खालावलेले नुवोलारी उघड्या २०२ मध्ये बसून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे निघाले होते. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरले आणि प्रतिस्पर्धी बियोंदेत्ती यांच्या बंद टपाच्या अल्फा रोमिओने त्यांना गाठून मागे टाकले. नुवोलारी दुसरे आले. या शर्यतीच्या आठवणीने उघड्या टपाच्या प्रकाराला त्यांचेच नाव चिकटले.

धंदा म्हणून मात्र हे प्रकरण अंगाशी आले. हाताने बनणारी गाडी महाग पडे. अमेरिकेत तिची किंमत ५,००० डॉलरच्या घरात होती आणि तिथे कितीतरी ताकदवान जॅग्वार एक्सके १२० त्याहून कमी पैशांत मिळे. पण कंपनीला खरे बुडवले ते दुसिओ यांच्या ग्रां प्रीच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या, स्वप्नाने. त्यांनी पोर्शेच्या कार्यालयाकडून बारा सिलिंडरची, चारही चाकांना ताकद पोचवणारी ‘टाइप ३६०’ आखून घेतली. फ्रान्समध्ये अटकेत असलेल्या फर्डिनांड पोर्शे यांच्या सुटकेलाही त्या पैशाची मदत झाली. गाडी बनली, पण ग्रां प्रीत कधी उतरली नाही. १९४९ पर्यंत कंपनीचे दिवाळे वाजले आणि दुसिओ अर्जेंटिनाला गेले. शर्यत विभाग सांभाळणाऱ्या कार्लो अबार्थ यांनी त्याच वर्षी, उरल्यासुरल्या गाड्या आणि सामान घेऊन, आपली अबार्थ कंपनी काढली.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने (मोमा) आठ मोटारगाड्यांचे प्रदर्शन भरवले, त्यात २०२ होती. मांडणी करणारे आर्थर ड्रेक्सलर मोटारींना पोकळ, फिरती शिल्पे मानत. मर्सिडीज, बेंटली यांच्या पंगतीला तिथे विलिस जीपही होती, जी याच सुमारास मुंबईत महिंद्राने जुळवायला घेतली होती. १९७२ मध्ये पिनिनफारिना कंपनीने एक लाल २०२ संग्रहालयाला भेट दिली. मोमाच्या कायम संग्रहात दाखल झालेली ती पहिली मोटारगाडी.