विंटर गार्ड : शालेय अभ्यासक्रम

विंटर गार्ड : ध्वज, लाकडी रायफल आणि बोथट सेबर (तलवार) ही साधने नृत्याच्या अंगाने हाताळत, ध्वनिमुद्रित संगीतावर, बंदिस्त क्रीडागृहात सादर केला जाणारा स्पर्धात्मक समूहाविष्कार. तो मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कुलांत रुजला असून तेथील अनेक शाळांत श्रेयांक मिळवून देणारा वर्गविषय म्हणून शिकवला जातो. प्रस्तुत नोंदीत त्या अभ्यासक्रमाच्या आखणीवर भर दिला आहे.

विंटर गार्ड हे कलर गार्डचे हिवाळी रूप. ‘कलर’ म्हणजे येथे रंग नव्हे, तर पलटणीचे निशाण. ते सांभाळणारी तुकडी ती कलर गार्ड. भारतीय लष्करी संचलनातील निशाण टोळी ही मूळ अर्थाने तीच. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत भगवा ध्वज नाचवणारे मराठी वाचकाला लगेच आठवतील. साम्य खरे आहे, परंतु ते उंच काठी आणि मोठे कापड तालात फिरवण्यापुरतेच. दोन्ही परंपरा वेगवेगळ्या वाढल्या.

उगमाबाबत मतभेद आहेत. एक मत हा प्रकार थेट लष्करी निशाणधारकांपर्यंत नेते. दुसरे मत स्वित्झर्लंड आणि इटलीतील ध्वजफेकीच्या जुन्या परंपरांकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार त्याचे मूळ माजी सैनिकांच्या संघटना आणि चर्च यांच्या आश्रयाने अमेरिकेत वाढलेल्या ड्रम अँड ब्यूगल (ढोल-बिगुल वाजवत संचलन करणाऱ्या) पथकांत आहे. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ध्वज फेकण्याचे कौशल्य अनेक संस्कृतींत सापडते, परंतु गुणपत्रिका, वेळेची मर्यादा, दंडाचे गुण आणि वर्गवारी हा स्पर्धेचा सांगाडा पथकांच्या स्पर्धांतूनच आलेला दिसतो. सुरुवातीच्या गार्डमध्ये राष्ट्रध्वजाला मानवंदना देण्याचा भाग असे आणि ध्वज जमिनीला लागू न देण्याचा संकेत कसोशीने पाळला जाई. १९४२ च्या अमेरिकी ध्वजसंहितेतही तो संकेत नमूद आहे. आजच्या सादरीकरणात ध्वज जमिनीवर लोळतात, कारण ते राष्ट्रध्वज नसून रंगवलेले नाट्यवस्त्र असते. रायफलीची वाटचाल याच धर्तीची आहे. ध्वजाच्या संरक्षणासाठी खांद्यावर घेतलेले शस्त्र आधी कवायतीतील कसरतीचे साधन झाले आणि मग नळी, चाप यांचा केवळ आभास उरलेला लाकडी तुकडा. हे स्थित्यंतर एकाएकी न होता साधारणपणे १९५० ते १९८० या काळात टप्प्याटप्प्याने झाले असावे.

ड्रम अँड ब्यूगल पथकांचा हंगाम उन्हाळ्याचा. थंडीत हात मोकळे राहू नयेत म्हणून गार्डच्या मंडळींनी सभागृहांत आणि शाळांच्या जिममध्ये आपापसांत स्पर्धा सुरू केल्या, तेच ‘विंटर’. प्रत्येक भागाचे नियम निराळे असल्याने तुलना अवघड होती. ती अडचण दूर करण्यासाठी १९७७ मध्ये विंटर गार्ड इंटरनॅशनल (डब्ल्यूजीआय) ही संस्था स्थापन झाली आणि १९७८ मध्ये तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ओहायो राज्यातील डेटन हे शहर पुढे या स्पर्धेचे माहेरघर ठरले. एकाच शाळेच्या संघांसाठी ‘स्कोलॅस्टिक’ आणि इतरांसाठी ‘इंडिपेंडंट’ असे दोन विभाग असून त्यांत ए, ओपन आणि वर्ल्ड अशा चढत्या पायऱ्या आहेत. कॅलिफोर्नियातील युनियन सिटीचे जेम्स लोगन हायस्कूल हे शालेय विभागातील ठळक नावांपैकी एक होय.

अभ्यासक्रमाची आखणी शेवटाकडून करावी लागते. अंतिम स्पर्धा एप्रिलमध्ये, प्रादेशिक स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि मैदानी मार्चिंग बँडचा हंगाम सरतो तो नोव्हेंबरमध्ये. म्हणजे निवडचाचणी, संगीताची निवड, रचना आणि ती बसवणे यांना नाताळच्या सुट्टीसह जेमतेम तीन महिने मिळतात. म्हणून जाणते शिक्षक पहिले सत्र तंत्रासाठी राखतात आणि दुसऱ्या सत्रात कार्यक्रम बसवतात. जिथे एकच सत्र मिळते तिथे तंत्र आणि रचना एकाच वेळी शिकवावी लागते. त्यात नवशिक्यांचे हाल होतात आणि जुन्यांचाही वेळ जातो.

विषय कोणत्या विभागात घालावा हा वादाचा मुद्दा. शाळेनुसार तो बँडखाली, नृत्याखाली किंवा शारीरिक शिक्षणाखाली येतो. शारीरिक शिक्षणाखाली घातल्यास पटसंख्या सहज मिळते. तरीही नृत्य किंवा ललित कलेची बाजू अधिक सबळ दिसते. अमेरिकेतील कलाशिक्षणाच्या २०१४ च्या राष्ट्रीय मानकांत निर्मिती, सादरीकरण, प्रतिसाद आणि सांधणी अशा चार प्रक्रिया धरल्या आहेत, आणि विंटर गार्डच्या वर्गात चारही रोज घडतात. विभाग ठरला की शिस्तीचे नियमही ठरतात. टेक्सासमध्ये १९८४ च्या कायद्याने ‘नापास तर खेळ नाही’ हे तत्त्व आणले. गणितात नापास झालेली मुलगी स्पर्धेला मुकते आणि आठवडाभर बसवलेल्या रचनेत ऐनवेळी भोक पडते. तिची जागा कोण घेणार हे आखणीतच ठरलेले असावे.

तंत्राच्या भागात शरीर आधी, साधन नंतर हा क्रम योग्य होय. पहिले काही आठवडे बॅलेतील पायांच्या ठेवणी, चालणे, पाठीचा बाक आणि झोक. मग हातात काठी. ध्वजाची काठी साधारण साडेपाच ते सहा फुटांची असते. तिच्या टोकांना रबरी टोप्या बसवतात, तोल साधण्यासाठी आत लोखंडी बोल्ट सरकवतात आणि कापड इलेक्ट्रिकल टेपने घट्ट आवळतात. कापड पॉलिएस्टरचे असले तरी त्याला ‘सिल्क’ म्हणण्याची रीत आहे. पहिली चाल ‘ड्रॉप स्पिन’ : काठी वरून खाली सोडायची, हाताहाती फिरवायची आणि पुन्हा उभी आणायची. ही चाल वीस जणांनी एका मात्रेवर केली की कापडाचा एकच फटकारा ऐकू येतो. तो फुटला की शिक्षकाला मागे वळून न पाहता कळते. नवशिक्यांच्या तळहातांवर फोड येतात, म्हणून पहिल्या महिन्यातील सराव तुकड्या-तुकड्यांनी घ्यावा.

फेकीची नावे आवर्तनांवरून पडतात : डबल (दोन), ट्रिपल (तीन), क्वाड (चार). येथील यंत्रशास्त्र अभ्यासक्रमात यायला हवे, कारण बहुतेक चुका ताकदीच्या नसून वेळेच्या असतात. हातातून सुटलेली रायफल २ मीटर वर गेली तर ती सुमारे १.२८ सेकंदांत त्याच उंचीवर परत येते. ३ मीटर गेली तर सुमारे १.५६ सेकंदांत. क्वाडसाठी पहिल्या फेकीत सेकंदाला तीनहून अधिक फेरे लागतात, दुसऱ्या फेकीत अडीचच्या आसपास पुरतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत पहिली फेक जेमतेम अडीच ठोके हवेत राहते. उंची आणि फिरकी यांचा मेळ संपूर्ण ओळीत एकच नसेल तर कुणी आधी झेलतो, कुणी मागाहून, आणि परीक्षकाला ते लगेच दिसते. उंच फेकीला छत आणि दिव्यांची अडचण होते. जिम ठरवतानाच वर पाहून घ्यावे. बोटांना मुका मार लागणे आणि मनगट दुखावणे या नेहमीच्या इजा.

परीक्षण १०० गुणांचे असते. साधनकौशल्य, देहगती आणि रचना यांना प्रत्येकी २०, आणि एकूण परिणामाला ४०. पहिल्या दोहोंत विद्यार्थ्यांना दिलेला शब्दसंग्रह (म्हणजे चाली-हालचालींचा साठा) आणि तो निभावण्याची सफाई यांचे गुण स्वतंत्र दिले जातात. आखणीचा गाभा हाच आहे. न पेलणारी कठीण रचना दिली तर सफाई बुडते, सोपी दिली तर शब्दसंग्रह. तथापि वर्गातील श्रेणी स्पर्धेच्या क्रमांकाला बांधू नये. क्रमांक दुसऱ्या शाळांवर अवलंबून असतो, विद्यार्थिनीने सप्टेंबर ते एप्रिल किती मजल मारली यावर नाही. सत्राच्या सुरुवातीची आणि अखेरची चित्रफीत शेजारी ठेवून केलेले मूल्यमापन अधिक न्याय्य होय.

घड्याळाचा सराव हा वेगळा धडा. संघाला मिळालेल्या वेळेत आत येणे, फरशी अंथरणे, सादरीकरण आणि बाहेर पडणे हे सर्व बसवावे लागते, आणि वेळ चुकली की दंड होतो. फरशी म्हणजे संपूर्ण क्रीडांगणावर पसरणारे रंगवलेले व्हिनाइल. पंख्यासारखी घडी केलेले ते जड कापड मुले कडेने धरून धावत उलगडतात आणि शेवटी तसेच धावत मिटतात. पालक हातगाडी घेऊन दाराशी उभे असतात. फरशी, पोशाख, ध्वज, प्रवास आणि संगीतवापराचे हक्क ही खर्चाची मोठी कलमे. शुल्क न परवडणाऱ्या घरची मुले पहिल्याच बैठकीत गळू नयेत म्हणून मदतीची सोय निवडचाचणीआधी जाहीर केलेली बरी.

२०२० मध्ये कोविड साथीमुळे अंतिम स्पर्धा रद्द झाली. अमेरिकेबाहेर नेदरलँड्स, ब्रिटन आणि जपान येथेही हा प्रकार आढळतो. नेदरलँड्समध्ये कलर गार्ड नेदरलँड्स ही स्वतंत्र संघटना आहे.